नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांच्यात फक्त एका अनुस्वाराचं अंतर आहे. पहिलं बारशाला एकदाच होतं, दुसरं त्यानंतर जन्मभर चालतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमध्ये ही दोन्ही कामं एकमेकांना चिकटून असतात. एक जण फंक्शनला नाव ठेवतो आणि पुढची तीस वर्षं हजारो जण त्या नावाला नावं ठेवत, त्याच नावाने त्याला हाक मारत राहतात.

मला इथे दुसरं काम करायचं आहे. समीक्षा कवितेची होते, कादंबरीची होते, सिनेमाची होते. तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल, तर त्याच्या तळाशी आत्ता लिनक्सचं कर्नल चालू आहे. १९९१पासून सतत लिहिलं जाणारं, काही कोटी ओळींचं, हजारो हातांचं हे लेखन कुणालाही उघडून वाचता येतं. इतक्या मोठ्या लेखनाला आपण फक्त ‘किती वेगाने चालतं’ आणि ‘किती वेळा कोसळतं’ एवढेच प्रश्न विचारतो. त्याची भाषा कशी आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. आणि माझं म्हणणं असं की ते कोसळण्याचा आणि त्याच्या भाषेचा जवळचा संबंध आहे.

कोड लिहीत नसाल तर एवढंच लक्षात ठेवा: फंक्शन म्हणजे नाव दिलेलं काम. नाव घेतलं की काम होतं. काम आत कसं होतं, हे हाक मारणारा दर वेळी उघडून बघत नाही. बघत बसला तर त्याचं स्वतःचं काम कधीच होणार नाही. तो नावावर विश्वास ठेवतो.

कर्नल मुख्यतः सी भाषेत लिहिलेलं आहे, आणि सी ही फार कमी बोलणारी भाषा आहे. ‘ही मेमरी मी घेतली, आता ती परत करणं माझ्यावर आलं’ किंवा ‘हे फंक्शन बोलावण्याआधी कुलूप लावलेलं हवं’ असं सांगायची सोय तिच्या व्याकरणात जवळजवळ नाही. आकडा दिलाय की पत्ता, एवढं कंपायलर तपासतो. जबाबदारी कुणाची, हे तो तपासत नाही. ती माहिती राहते फक्त दोन ठिकाणी, कॉमेंटमध्ये आणि नावात. कॉमेंट घाईत कुणी वाचत नाही. म्हणून सगळा भार नावावर येतो.

शुद्धलेखनाची चूक आणि खोटं

या विषयावर बोलताना सगळ्यात आधी निघतो तो युनिक्समधल्या ‘क्रिएट’चा किस्सा. नवी फाइल तयार करणाऱ्या या फंक्शनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटचा ‘ई’ नाही. युनिक्स पुन्हा बनवायची वेळ आली तर काय बदलाल, असं केन थॉम्पसनला विचारलं, तेव्हा ‘तेवढा ई घालेन’ अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं, असं ब्रायन कर्निगहॅन आणि रॉब पाइक यांनी १९८४च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे. पुढे प्लॅन नाइन या सिस्टिममध्ये तो ई खरोखरच आला. जुन्या सी कंपायलरांवर नावाच्या लांबीची बंधनं होती हे खरं, पण १९८९च्या सी प्रमाणकानेसुद्धा बाहेर दिसणाऱ्या नावांसाठी सहा अक्षरांची हमी दिली होती, आणि ई धरून हा शब्द सहाच अक्षरांचा होतो. म्हणजे दोष लांबीवर ढकलता येत नाही.

गंमत अशी की देवनागरीत लिहिलं की ही चूक दिसतच नाही. ई असो वा नसो, दोन्ही ‘क्रिएट’च. आणि माझ्या मते तिचं खरं मोलही तेवढंच आहे. शब्द कानाला बरोबर लागतो, अर्थ बरोबर पोचतो. हे फंक्शन बोलावलं आणि ते यशस्वी झालं, की तुमच्या हातात कोरी फाइल येते. फाइल नव्हती तर नवी, होती तर आतलं पुसून. नाव थोडं बोबडं आहे, पण दिलेला शब्द पाळतं.

आता विंडोजकडे या. तिथे ‘क्रिएटफाइल’ नावाचं फंक्शन आहे. स्पेलिंग निर्दोष, मोठी-छोटी अक्षरं शिस्तीत. पण ते फाइल तयार करेलच असं नाही. सोबतचा एक पर्याय ‘असलेली उघड’ असा दिला, की ते जुनी फाइल उघडतं, आणि ती नसेल तर तयार करायला नकार देतं! दुसरा पर्याय दिला तर आहे ती फाइल पुसून टाकतं. फाइल सोडून पाइप आणि उपकरणंसुद्धा याच नावाने उघडतात. बरं, ‘ओपनफाइल’ नावाचं फंक्शन आहे का? आहे. पण ते सोळा-बिटी काळातलं, तोकडं, आणि नव्या कोडमध्ये वापरू नका अशी सूचना लागलेलं. उघडायचं असेल तर ‘तयार कर’ म्हणा, ‘उघड’ म्हणू नका. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

गेली चाळीस वर्षं थट्टा मात्र झाली ती युनिक्सच्या ईची. शुद्धलेखन तपासणं सोपं असतं, अर्थ तपासणं अवघड. मराठीतही आपण ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतो आणि वाक्य खोटं आहे का हे विचारायचं राहून जातं.

‘पुट’ म्हणजे नक्की काय?

कर्नलमधली सर्वांत महत्त्वाची शब्दजोडी कोणती असं विचारलं तर मी ‘गेट’ आणि ‘पुट’ सांगेन. त्यामागची कल्पना आपल्या ओळखीची आहे. ‘शेवटी बाहेर पडणाऱ्याने दिवा-पंखा बंद करावा’ अशी पाटी कितीतरी ऑफिसांत असते. कर्नल नेमकं हेच करतं. एखादी गोष्ट किती जण वापरताहेत याचा आकडा ठेवतं. आत येणारा ‘गेट’ म्हणतो, आकडा एकने वाढतो. बाहेर जाणारा ‘पुट’ म्हणतो, आकडा एकने घटतो. शून्य झाला की दिवा बंद, म्हणजे मेमरी मोकळी.

एखादा बाहेर पडताना ‘पुट’ म्हणायला विसरला, तर खोली रिकामी असूनही दिवा कायम जळत राहतो. याला मेमरी गळणं म्हणतात. एखाद्याने दोनदा ‘पुट’ म्हटलं, तर आत माणूस बसलेला असताना दिवा जातो, आणि अंधारात दुसराच कुणी येऊन त्याच्या खुर्चीत बसतो. हा दुसरा प्रकार फार घातक. हल्लेखोर ज्या फटींतून आत शिरतात, त्यांतली एक मोठी जात याच चुकीची आहे.

म्हणजे ‘गेट’ आणि ‘पुट’ ही नावं सगळीकडे एकाच अर्थाने वापरली जाणं ही सुरक्षिततेची गरज आहे. प्रत्यक्षात काय दिसतं?

‘पुट_पेज’ म्हणजे पानावरचा आपला हक्क सोडणं. ठीक. मग ‘पुट_यूजर’ म्हणजे यूजरवरचा हक्क सोडणं असणार? नाही. ‘पुट_यूजर’ म्हणजे यूजरच्या मेमरीत एक आकडा नेऊन ठेवणं, आणि ‘गेट_यूजर’ म्हणजे तिथून आकडा आणणं. इथे मोजदादीचा संबंधच नाही. मग यूजरची नोंद ठेवणाऱ्या रचनेवरचा हक्क सोडायचा तर काय म्हणायचं? ‘फ्री_यूआयडी’! म्हणजे ज्याला ‘पुट’ म्हणायला हवं होतं त्याला ‘फ्री’ म्हटलंय. आणि गोंधळ वाढवायला त्याच्या जोडीदाराचं नाव मात्र ‘गेट_यूआयडी’ असं शिस्तीतलं आहे.

याहून फसवा शब्द ‘फाइंड’. शोध. शोधण्याने कुणावर जबाबदारी येते असं कुणाच्या मनात येणार? पण मोबाइलच्या चिपवर कोणकोणती उपकरणं आहेत याचं झाड कर्नलकडे असतं, आणि त्या झाडातली फांदी नावाने शोधून देणारं ‘ऑफ_फाइंड_नोड_बाय_नेम’ हे फंक्शन शोधता शोधता गुपचूप ‘गेट’सुद्धा करून ठेवतं. सापडलेली फांदी नंतर ‘पुट’ करणं तुमच्यावर येतं. शिवाय शोध जिथून सुरू करायचा म्हणून तुम्ही जी फांदी दिलीत, तिचं ‘पुट’ ते स्वतःच करून टाकतं. एका ‘फाइंड’मध्ये एक लपलेलं ‘गेट’ आणि एक लपलेलं ‘पुट’. हे सगळं कॉमेंटमध्ये लिहिलेलं आहे. नावात नाही. ड्रायव्हर लिहिणारे इथे वारंवार अडखळतात यात नवल नाही.

हे टाळता येत नव्हतं असंही नाही, कारण त्याच कर्नलमध्ये चांगली उदाहरणं आहेत. ‘फाइंड_गेट_पेज’ म्हणजे शोध आणि हक्कही घे. ‘फाइंड_लॉक_पेज’ म्हणजे शोध आणि कुलूपही लाव. नाव थोडं लांबलं, पण वाचणाऱ्याला हातात काय पडलं ते कळतं. संगणकाला जोडलेली कार्डं शोधणाऱ्या जुन्या ‘पीसीआय_फाइंड_डिव्हाइस’ची गोष्टही बोलकी आहे. ते नुसतंच शोधून द्यायचं, मोजदाद करायचं नाही. चालू संगणकातून कार्ड काढता येऊ लागलं तसं हे धोक्याचं ठरलं. शोधलेलं कार्ड हातात असेपर्यंत जागेवर राहीलच याची खात्री उरली नाही. मग मोजदाद करणारं नवं फंक्शन आलं आणि त्याचं नाव ‘पीसीआय_गेट_डिव्हाइस’ ठेवलं गेलं. जुनं हळूहळू हद्दपार झालं. वागणूक बदलली म्हणून नावही बदललं. याला मी चांगलं लेखन म्हणतो.

त्याहून देखणं उदाहरण प्रक्रियेच्या मेमरीचं आहे. तिथे दोन वेगळे आकडे मोजावे लागतात. एक, आत खरोखर राहणाऱ्यांचा. दुसरा, नुसती नोंद धरून ठेवणाऱ्यांचा. शेवटचा भाडेकरू गेला की सामान हलवलं जातं, पण सोसायटीच्या रजिस्टरमधलं पान कुणाला अजून हवं असेल तर ते फाडत नाहीत, तसं. २०१७च्या सुमारास या दोन मोजदादींना वेगळ्या क्रियापदांच्या जोड्या मिळाल्या. राहणाऱ्यांसाठी ‘एमएमगेट’ आणि ‘एमएमपुट’, नोंदीसाठी ‘एमएमग्रॅब’ आणि ‘एमएमड्रॉप’. चार छोटे शब्द. पण ‘ग्रॅब’ दिसलं की शेवटी ‘ड्रॉप’ शोधायचा आणि ‘गेट’ दिसलं की ‘पुट’, एवढं डोळ्यांना कळलं की कोड तपासणाऱ्याचं अर्धं काम झालं.

इंग्रजीचा दोष, मराठीचं कान

आता एक अडचण जी कुणा एका प्रोग्रामरच्या आळसातून आलेली नाही. ती इंग्रजी भाषेतूनच आली आहे. यादीसाठी कर्नलमध्ये ‘लिस्ट_एम्प्टी’ नावाचं फंक्शन आहे. नाव वाचून सांगा, ते काय करतं? यादी रिकामी करतं, की यादी रिकामी आहे का ते सांगतं? इंग्रजीत ‘एम्प्टी’ हे विशेषणही आहे आणि क्रियापदही. उत्तर दुसरं आहे: ते फक्त विचारतं, काही पुसत नाही. पण हे आधीपासून माहीत असलेल्यालाच माहीत.

मराठीत हा घोळ होत नाही. ‘रिकामी’ आणि ‘रिकामी कर’ यांत आपण ‘कर’ गाळू शकत नाही. विचारायचं असेल तर ‘रिकामी का?’ म्हणतो. आज्ञा, प्रश्न आणि वर्णन यांना आपल्याकडे वेगवेगळे कपडे आहेत. इंग्रजीत क्रियापदाचं मूळ रूप हीच आज्ञा, आणि अनेकदा तेच नाम, तेच विशेषण. मराठी शाळेतून आलेल्यांना सुरुवातीला कोड वाचताना जो अडखळलेपणा जाणवतो, त्याला आपण ‘इंग्रजी कच्चं’ असं म्हणून गप्प बसतो. कधीकधी कच्चं ते नाव असतं.

लिनक्सच्या लेखनशैलीच्या नियमावलीत यावर एक चांगला नियम आहे. नाव आज्ञार्थी असेल तर फंक्शनने यशासाठी शून्य आणि अपयशासाठी चुकीचा क्रमांक परत द्यावा. नाव प्रश्नार्थी असेल तर ‘हो’साठी एक आणि ‘नाही’साठी शून्य द्यावं. ‘काम जोड’ ही आज्ञा, म्हणून शून्य म्हणजे झालं. ‘उपकरण आहे का’ हा प्रश्न, म्हणून शून्य म्हणजे नाही. एकाच शून्याचे दोन उलटे अर्थ, आणि कोणता घ्यायचा ते नावाच्या व्याकरणावरून ठरवायचं. नियम हुशार आहे. पण तो नावाच्या व्याकरणावर उभा आहे, आणि ते व्याकरण डळमळीत निघालं की सगळंच डळमळतं.

कुलपांचं उदाहरण घ्या. ‘कुलूप लागतंय का बघ, नाही लागलं तर थांबू नकोस’ असं सांगणारी फंक्शन्स आहेत. ‘स्पिन_ट्रायलॉक’ आणि ‘म्यूटेक्स_ट्रायलॉक’ यशस्वी झाल्यावर एक परत देतात. ‘डाउन_ट्रायलॉक’ यशस्वी झाल्यावर शून्य देतं. तिन्ही नावांची शेपटी तीच, अर्थ उलटा. २००६मध्ये म्यूटेक्स कर्नलमध्ये आला आणि जुनी ‘डाउन’वाली कुलपं नव्यात बदलायची वेळ आली, तेव्हा कोडमध्येच कॉमेंट घालावी लागली: इथे परत येणारं उत्तर उलटं आहे, बदल करताना जपून. दोन नावं सारखी आणि वागणूक विरुद्ध असेल, तर कॉमेंट ही फक्त खड्ड्याशेजारी लावलेली पाटी असते. खड्डा तसाच राहतो.

‘कॉपी_फ्रॉम_यूजर’ हे तर या नियमाच्या कुठल्याच खान्यात बसत नाही. नाव आज्ञार्थी, म्हणून अपयशाला चुकीचा क्रमांक यायला हवा. पण ते देतं ‘किती बाइट कॉपी व्हायचे राहिले’ हा आकडा. त्यामुळे त्याचं उत्तर जसंच्या तसं पुढे पाठवलं, तर अपयशाच्या वेळी वरच्या थराला एक धन आकडा मिळतो आणि त्याला वाटतं, सगळं छान झालं. ही चूक इतक्या ड्रायव्हरांमध्ये इतक्या वेळा झाली आहे की तिला एखाद्याची चूक म्हणणं अन्यायाचं आहे. शंभर माणसं एकाच पायरीवर ठेचकाळत असतील तर पायरी मोजायला हवी.

एका अक्षराचं अंतर

‘स्ट्रकॉपी’ म्हणजे अक्षरांची माळ इथून तिथे उतरवणं. ते जागा किती आहे बघत नाही, म्हणून धोकादायक. मग ‘स्ट्रएनकॉपी’ दिसलं की वाटतं, हे सुरक्षित भावंड. ‘एन’ म्हणजे मर्यादा. ‘स्ट्रएनकॅट’ मर्यादेत जोडतं आणि माळेच्या शेवटी न चुकता गाठ मारतं. ‘स्ट्रएनकॉपी’ही तसंच वागत असणार.

वागत नाही. माळ मर्यादेइतकी किंवा त्याहून लांब असेल तर ते शेवटची गाठ मारतच नाही. माळ आखूड असेल तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरत बसतं. हे विचित्र वागणं वेडेपणातून आलेलं नाही. जुन्या युनिक्समध्ये फाइलच्या नावासाठी बरोबर १४ बाइटांचा खण होता. नाव छोटं असेल तर उरलेला खण शून्यांनी भरायचा, नाव १४ अक्षरांचं असेल तर गाठीला जागाच नाही आणि गरजही नाही. ‘स्ट्रएनकॉपी’ अशा ठरावीक खणांसाठी योग्य आहे. त्याचं खरं नाव ‘खण भर’ असायला हवं होतं. ते ‘माळ उतरव’च्या घराण्यात दत्तक दिलं गेलं, आणि घराण्याचं आडनाव लागल्यामुळे लोकांनी त्याच्याकडून घराण्याच्या रीती गृहीत धरल्या.

मग ओपनबीएसडीकडून १९९८मध्ये ‘स्ट्रएलकॉपी’ आलं. ते गाठ मारतं, पण परत देतं मूळ माळेची पूर्ण लांबी. ती मोजायला मूळ माळ टोकापर्यंत वाचावी लागते, आणि मूळ माळेलाच गाठ नसेल तर वाचन भलतीकडे जातं. २०१५मध्ये लिनक्सने ‘स्ट्रएसकॉपी’ आणलं. ते बसेल तेवढंच वाचतं, गाठ मारतं, आणि माळ कापावी लागली तर चुकीचा क्रमांक देतं. २०२४च्या सुरुवातीला ‘स्ट्रएलकॉपी’ कर्नलमधून काढूनच टाकलं गेलं, आणि त्याआधी त्याला बोलावणारी एकेक जागा तपासून बदलावी लागली.

तांत्रिकदृष्ट्या ही प्रगती आहे. पण समीक्षक म्हणून मला विचारावंसं वाटतं, चार फंक्शन्स, चार वेगळे स्वभाव, आणि फरक सांगायला एकेक अक्षर? एन, एल, एस. नवं नावसुद्धा ‘मी कापलं तर सांगेन’ हे सांगत नाही. जुनं दुखणं बरं केलं, सवय तीच ठेवली.

सुसंगती फसवते तेव्हा

इथवर वाचून वाटेल की मी म्हणतोय, सगळी नावं एका साच्यात घाला, प्रश्न मिटला. तसं नाही. साचासुद्धा फसवतो.

मेमरी मागणाऱ्या फंक्शन्सचं घराणं कर्नलमध्ये बऱ्यापैकी नीटनेटकं आहे. ‘केमॅलॉक’ मेमरी देतं. मध्ये झेड आला, ‘केझेडॲलॉक’, की शून्यांनी पुसून देतं. परत करायला दोन्हींना ‘केफ्री’. याच घराण्यात ‘केझेडफ्री’ होतं. साच्यावर विश्वास ठेवणारा काय म्हणेल? झेडने घेतलं, झेडने परत करा. जोडी जुळली. पण ‘केझेडफ्री’चं काम वेगळंच होतं: पासवर्ड, किल्ल्या अशी गुप्त माहिती आधी पुसायची आणि मग मेमरी सोडायची. ‘केझेडॲलॉक’शी त्याचा काही संबंध नव्हता. नावाची सममिती इतकी चोख होती की तीच दिशाभूल करत होती. २०२०मध्ये सगळ्या कर्नलभर त्याचं नाव बदलून ‘केफ्री_सेन्सिटिव्ह’ केलं. नवं नाव साच्यात बसत नाही, कानाला खटकतं, आणि म्हणूनच चांगलं आहे. ‘का वापरायचं’ ते सांगतं.

विंडोज एनटीच्या कर्नलकडे बघा. शिस्तीत ते लिनक्सच्या खूप पुढे आहे. प्रत्येक नावाआधी विभागाचा शिक्का: मेमरीला ‘एमएम’, आयओला ‘आयओ’, ऑब्जेक्टला ‘ओबी’. मग क्रिया, मग वस्तू. कुठलं फंक्शन कुठल्या खात्यातलं, हे क्षणात कळतं. सरकारी फायलींच्या जावक क्रमांकासारखं. पण त्याच शिस्तीत ‘झेडडब्ल्यू’ हा शिक्का आहे, आणि त्याला काहीच अर्थ नाही असं मायक्रोसॉफ्टचंच दस्तावेज सांगतं. त्याच शिस्तीत हक्क सोडण्याच्या क्रियेचं नाव ‘ओबी-डीरेफरन्स-ऑब्जेक्ट’ आहे, जेव्हा की सी भाषेत ‘डीरेफरन्स’ म्हणजे पत्त्यावर जाऊन वस्तू बघणं, सोडणं नव्हे. गणवेश सगळ्यांना सारखा, पण आतला माणूस कोण हे गणवेशावरून कळत नाही.

म्हणून मी दोन प्रकारच्या सुसंगती वेगळ्या मानतो. एक दिसण्याची, दुसरी वचनाची. दिसण्याची सुसंगती यंत्रही तपासू शकतं: अंडरस्कोर आहे का, अक्षर मोठं आहे का. वचनाची सुसंगती म्हणजे ‘पुट’ दिसलं की कुठेही, कुठल्याही विभागात, हक्क सुटणार. ती फक्त वाचणारी माणसं राखू शकतात.

दिसण्याची सुसंगती निरुपयोगी नाही. लिनक्समध्ये अलीकडे एक शांत बदल घडतोय तो मला मनापासून आवडतो. मेमरीच्या पानांसाठी जुनी नावं इंग्रजी वाक्यासारखी होती: ‘गेट_पेज’, ‘पुट_पेज’, ‘लॉक_पेज’. आधी क्रिया, मग वस्तू. कर्नलच्या ५.१६ या आवृत्तीपासून ‘फोलिओ’ ही नवी रचना आली, आणि तिची नावं उलटी आहेत: ‘फोलिओ_गेट’, ‘फोलिओ_पुट’, ‘फोलिओ_लॉक’. आधी वस्तू, मग क्रिया. ‘लिस्ट_ॲड’ आणि ‘म्यूटेक्स_लॉक’ आधीपासून याच वळणाची होती. मराठी वाचकाला इथे घरी आल्यासारखं वाटेल. ‘पान घे’, ‘यादीत जोड’, ‘कुलूप लाव’: कर्म आधी, क्रियापद शेवटी. इंग्रजी शब्दांनी लिहिलेला कोड हळूहळू आपल्या वाक्यरचनेकडे सरकतोय. कारण अर्थातच मराठी नाही. वस्तू आधी लिहिली की एका वस्तूची सगळी कामं एकत्र दिसतात आणि शोधायला सोपी जातात. पण वाक्य असंही बांधता येतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

नाव बदलण्याची किंमत

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: नाव बदलणं फुकट होत नाही. शेकडो फाइलींमधली नावं बदलली की जुन्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त्या नेणं अवघड होतं, ‘ही ओळ कुणी आणि का लिहिली’ हा माग पुसट होतो, आणि ज्यांना जुनं नाव पाठ होतं त्यांचं वीस वर्षांचं ज्ञान एका रात्रीत शिळं होतं. आणि जी नावं कर्नलच्या बाहेरच्या प्रोग्रामांना दिसतात, ती तर बदलताच येत नाहीत. ‘क्रिएट’चा ई आज लिनक्समध्ये घालता येणार नाही, कारण बाहेरचं काहीही मोडायचं नाही हा लिनस टॉरवाल्ड्सचा सगळ्यात कडक नियम आहे. तो नियम बरोबरच आहे.

पण आतल्या नावांना ही सबब लागू होत नाही. कर्नलच्या आतली फंक्शन्स कधीही बदलू शकतात, बाहेरच्यांनी त्यांवर विसंबू नये, हे लिनक्सचं जाहीर धोरण आहे. २०२०च्या जुलैमध्ये नियमावलीत भर पडली की मालक-गुलाम आणि काळी यादी-पांढरी यादी असे शब्द नव्या नावांत टाळावेत. तेव्हा ‘शब्दांनी काय फरक पडतो’ असं म्हणणारे बरेच होते. माझ्या मते ती भर या लेखातल्या प्रश्नाचीच दुसरी बाजू आहे. नाव हाक मारणाऱ्याच्या डोक्यात एक चित्र उभं करतं, हे एकदा मान्य केलं, की ते चित्र खोटं नसावं आणि अपमानकारकही नसावं, या दोन्ही अपेक्षा एकाच न्यायाने येतात. शिवाय ‘अडवलेल्यांची यादी’ हे नाव ‘काळी यादी’पेक्षा जास्त माहिती देतं.

मग कुठलं नाव बदलायचं आणि कुठलं राहू द्यायचं? माझी कसोटी साधी आहे. नाव वाचून हाक मारणाऱ्याला कळतं का, की ही हाक मारल्यावर आपल्यावर कोणती जबाबदारी आली? काही परत करायचं आहे का, कुलूप उघडायचं आहे का, शून्य म्हणजे झालं की नाही झालं? नाव यावर गप्प असेल तर चालवून घेता येईल, कॉमेंट वाचू. स्पेलिंग चुकलं असेल तर हसू आणि पुढे जाऊ. पण नाव उलटं सांगत असेल, तर ते बदलावं, कितीही फाइली हलवाव्या लागल्या तरी. बदलण्याची किंमत एकदाच द्यावी लागते. न बदलण्याची किंमत प्रत्येक नवा माणूस देतो, आणि त्याला ती आपलीच अक्कल कमी असल्याची खूण वाटते.

तुमच्यापैकी बरेच जण कर्नल कधीच लिहिणार नाहीत. पण कुणीतरी तुम्हाला उद्या एखाद्या प्रोजेक्टमधल्या फंक्शनला, एक्सेलमधल्या स्तंभाला, नाहीतर ऑफिसच्या सामाईक फोल्डरला नाव द्यायला सांगेल. ‘फायनल’, ‘फायनल_नवीन’, ‘फायनल_खरंच’ या परंपरेतले आपण सगळेच आहोत. तेव्हा एवढंच करा. नाव ठेवताना क्षणभर त्या माणसाचा विचार करा जो दोन वर्षांनी, रात्री उशिरा, तुम्हाला विचारता येत नसताना, फक्त त्या नावाच्या भरवशावर पुढचं पाऊल टाकणार आहे. त्याला नावं ठेवायची वेळ येऊ नये, इतकं नीट नाव ठेवा.